देवाजवळची फ्लॉपी

रत्नागिरीत त्या काळात कॉम्प्युटर बघायचा तर मिरजोळ्याला यावं लागायचं, आणि तिथे आल्यावर माणसाला कॉम्प्युटरच्या आधी मी दिसायचो. मी मधेच उभा असायचो, दुसरं काय! आंब्याचा रस डबाबंद करणारा तो कारखाना. बाहेर कातळावर बाठ्यांचे ढीग, त्यांच्यावर माशा घोंगावतायत, शेडमध्ये बायका घामाघूम होऊन आंबे सोलतायत, आणि मी काचेच्या खोलीत एसीखाली पांढरे मोजे घालून बसलेला. अख्ख्या कारखान्यात एसी एकच, आणि तोही मशीनसाठी आणलेला. पण मशीनला काही बोलता येत नव्हतं, त्यामुळे त्याचा सगळा मान मीच घ्यायचो.

मुंबईत मामाकडे राहून मी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. कोर्समधले बरेच दिवस मशीन बंद होतं आणि उरलेले दिवस मास्तर. तरी सर्टिफिकेट मिळालं. आई आळीत सांगत सुटली, "आमचा कॉम्प्युटर इंजिनीअर झाला हो!" मी तिला एकदाही दुरुस्त केलं नाही. उलट कुणी विचारलंच तर चष्मा पुसायचो. चष्म्याला नंबर अगदी किरकोळ होता, पण पुसायला बरा पडायचा. गावातून मशीन बघायला येणारे काहीबाही विचारायचे. एकाने विचारलंन, ह्यात लग्नाच्या पत्रिका जुळतात काय? मी गंभीर चेहरा करून म्हटलं, "जुळतील, पण प्रोग्राम लिहायला लागेल." तो बिचारा पुढच्या आठवड्यात मुलीची पत्रिका घेऊन आला. मी मागच्या दाराने पळालो.

कारखाना दोन भावांचा. आपण त्यांना थोरले आणि धाकटे म्हणूया. वडील लवकर गेले तेव्हा धाकटे जेमतेम शाळेत जायला लागले होते. थोरल्यांनी स्वतःचं शिक्षण सोडून पडवीत आंबापोळ्या आणि कोकम सरबत करायला सुरुवात केली, त्यावर धाकट्याला पुण्यात शिकवलं, आणि मग हा कारखाना उभा केला. धाकटे त्यांना दादा म्हणत. कारखान्यात सगळेच म्हणत, मीसुद्धा. धाकट्यांचं डोकं चलाख. आपला रस आखातात गेला पाहिजे हा त्यांचा ध्यास. थोरल्यांचं म्हणणं, आधी आपली गिऱ्हाईकं सांभाळू, मग बघू समुद्रापलीकडचं. पण भांडण म्हणाल तर कधी नाही. दुपारी दोघे एकाच डब्यातून जेवायचे, आणि डब्यात तळलेला बांगडा असला तर मधला तुकडा कुणी खायचा यावरून तेवढी जुंपायची. प्रत्येकाला तो दुसऱ्याच्या पानात टाकायचा असायचा.

मशीन आणायलाही पहिल्यांदा थोरले तयार नव्हते. विकणाऱ्याने सांगितलं की ह्यात सीपीएम नावाची सिस्टिम आहे, तर ते ताडकन म्हणाले, "कारखान्यात लाल बावटा नको हो!" त्यांची समजूत काढता काढता धाकट्यांच्या नाकी नऊ आले. पण एकदा मशीन बसल्यावर थोरले त्याच्या जे काय प्रेमात पडले, विचारू नका. रोजच्या रसाची बॅच त्यात चढवायची असे. आंबा कुठल्या बागेचा, साखर किती, रस किती वेळ उकळला, डब्यावर नंबर कुठला. संध्याकाळी काम सुटलं की थोरले चपला बाहेर काढून आत येत आणि हात मागे बांधून उभे राहत. "दाखव बघू माझ्या बॅचा." हिरवी अक्षरं पडद्यावर सरकायला लागली की त्यांचा चेहरा असा फुलायचा, जसं काही नातवंडं अंगणात खेळतायत. मला तेव्हा उगाचच वाटायचं, हे सगळं आपल्यामुळे.

आता हे मशीन चालू करायला एक फ्लॉपी लागायची. काळी, चौकोनी, पापडासारखी लवचिक. ती खाचेत घालून बटण दाबलं की मशीन जागं व्हायचं. थोरल्यांनी हे ऐकलंन आणि म्हणाले, "म्हणजे ही किल्लीच की!" आणि किल्ली म्हटल्यावर तिची जागा ठरलेली. आमच्याकडे दुकानाची, वखारीची किल्ली रात्री देवाजवळ ठेवायची आणि सकाळी देवाला नमस्कार करून उचलायची. तसं फ्लॉपीचं सुरू झालं. संध्याकाळी मी ती ऑफिसातल्या गणपतीच्या फळीवर ठेवायचो. सकाळी थोरले पूजा करायचे, गणपतीला हळदकुंकू, मग फ्लॉपीला हळदकुंकू, वर एक जास्वंदीचं फूल, आणि दोन्ही हातांनी ती मला द्यायचे. मी दोन्ही हातांनी घ्यायचो आणि कपाळाला लावायचो. कोर्समध्ये शिकवलं होतं की फ्लॉपीला धूळ, धूर, ओल, लोहचुंबक आणि बोटांचे ठसे यांपासून जपावं. कुंकवाचं काही शिकवलं नव्हतं, म्हणून मी गप्प बसलो.

ऐन हंगामात धाकटे मुंबईला गेले आणि नवी सिस्टिम घेऊन आले, डॉस. आखातातल्या एका बड्या खरेदीदाराशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला होता आणि ती पत्रं झोकदार टाइप करायला हीच सिस्टिम लागते म्हणे. बरोबर एक इंजिनीअर आला. खराखुरा. एप्रिलमध्ये रत्नागिरीत टाय घालून आलेला मी पाहिलेला तो एकटाच माणूस. त्याने दिवसभर खटपट केली, जुनं सगळं काढून पुन्हा नीट घातलं, आणि जाताना मला समजावलं की, मशीनच्या पोटातल्या डिस्कचे दोन भाग केलेत, एकीकडे जुनी सिस्टिम, एकीकडे नवी, ह्या फ्लॉपीने ही चालू होईल, त्या फ्लॉपीने ती. "कळलं ना?"

"हो, ते काय!" मी म्हटलं. माझं सगळं लक्ष त्या टायकडे होतं. आपण पण एक घ्यावा असं मनात चाललं होतं. शिवाय दोन्ही भाऊ समोर उभे, त्यांच्यासमोर "परत सांगा" म्हणायचं म्हणजे इंजिनीअरपणाला बट्टा. त्याने दोन्ही फ्लॉप्यांवर पेन्सिलीने बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलंन, मला एक पाकीट दिलंन, "ह्यात तुमचा बॅचचा प्रोग्राम नव्या सिस्टिमवरचा पण आहे, बघून ठेवा" म्हणालान, आणि बस पकडायला गेला. मी ते पाकीट जपून ठेवलं. उघडायचं राहून गेलं.

आता देवाजवळ दोन किल्ल्या झाल्या. थोरल्यांनी तक्रार न करता दोन्हींना हळदकुंकू लावायला सुरुवात केली. ते हातचं राखून लावणारे नव्हते. थोड्याच दिवसांत दोन्ही फ्लॉप्यांच्या चिठ्ठ्या शेंदूर फासलेल्या मारुतीसारख्या लालभडक झाल्या. खाली पेन्सिलीने काय लिहिलंय ते देवालाच माहीत. मला वाटायचं, दोन्ही एकच आहेत, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून दिलीन. फूल ज्या फ्लॉपीवर असेल ती मी उचलायचो. पहिले काही दिवस नशिबाने ज्याचं काम असेल त्याचीच फ्लॉपी हाती आली.

तुम्ही म्हणाल, अहो, मशीन चालू होताना पडद्यावर लिहून येतंच की कुठली सिस्टिम आहे ते! येत होतं ना, स्पष्ट येत होतं. पण त्याच वेळी काचेपलीकडे सोलणाऱ्या बायका, ड्रायव्हर, कुणी ना कुणी बघत उभं असायचं, आणि मी त्यांच्याकडे बघून केसांवरून हात फिरवत असायचो. तोवर त्या ओळी वर सरकून जायच्या. पुढे दोन्ही सिस्टिमचा चेहरा सारखाच, काळ्या पडद्यावर एक अक्षर आणि एक बाण.

मग एका संध्याकाळी थोरले आत आले. "दाखव बघू माझ्या बॅचा."

मी फायलींची यादी मागवली. पडद्यावर धाकट्यांची पत्रं आली. बॅचा नाहीत. प्रोग्रामही नाही. मी पुन्हा यादी मागवली, जरा जोरात बटण दाबून. नाही. "दादा, मशीन तापलंय," मी म्हटलं. "उद्या दाखवतो." एसीत बसून मशीन तापलंय म्हणणारा मी पहिलाच असेन. थोरल्यांचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चालू केलं तर बॅचा जागच्या जागी! मी सुटकेचा श्वास सोडतोय तोवर धाकटे आले, "अरे, माझं कालचं पत्र काढ." पत्र नाही. एकही पत्र नाही. आणि खरेदीदाराचा माणूस तर चार दिवसांवर आलेला. सगळे करार, सगळ्या अटी, डब्यांची मापं, सगळं त्या पत्रांत.

त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसता शिमगा. कधी बॅचा आहेत तर पत्रं नाहीत, कधी पत्रं आहेत तर बॅचा नाहीत. मी माझं सगळं ज्ञान पणाला लावलं, आणि ते लवकर संपलं. आधी विजेला दोष दिला. मग दमट हवेला. मशीनच्या मागच्या तारा काढून पुन्हा लावल्या, एक उरली, ती खिशात घातली. मशीनजवळचा पंखा हलवला, कॅलेंडर हलवलं, टेबलाची दिशा बदलून पूर्वेला केली. थोरल्या वहिनींना कुणीतरी सांगितलं की मशीनला दृष्ट लागली. येणारेजाणारे डोळे फाडून बघायचे, लागणारच! त्या मीठमोहऱ्या, मिरच्या घेऊन आल्या, मशीनवरून उतरवल्या आणि तिथेच काचेच्या खोलीत शेगडीत टाकल्या. बंद खोलीत मिरच्यांचा धूर! मी ठसकत बाहेर पळालो, वहिनी ठसकत बाहेर पळाल्या, एसी मात्र इमानाने तो धूर फिरवत बसला. गंमत म्हणजे त्यानंतर मशीन चालू केलं तर पत्रं आली. वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्याकडे शिकवणी लावावी.

हे हसण्यावारी गेलं असतं, पण गेलं नाही. कारण हवी ती फाइल नेमकी दुसऱ्या भावाचं काम झाल्यावर जात होती. थोरले सकाळी बॅचा बघून गेले की धाकट्यांची पत्रं नाहीत. धाकटे मशीनवर बसून गेले की थोरल्यांच्या बॅचा नाहीत. थोरल्यांनी मला बाजूला घेतलं, "खरं सांग, त्याने तुला माझ्या बॅचा पुसायला सांगितलंन काय? परदेशी माणसाला जुना माल दाखवायचा नाही म्हणून?" तासाभराने धाकट्यांनी दुसऱ्या बाजूला घेतलं, "दादाला हा सौदा नकोच होता. त्याने काही करायला लावलंन काय तुला?"

सरळ सांगायचं होतं, "मला काही कळत नाहीये." एवढे पाच शब्द सुद्धा नाहीत. पण तोंडातून निघेनात. मी दोघांनाही चष्मा पुसत सांगितलं, "तपास चालू आहे. आत्ताच नाव घेणं बरोबर होणार नाही." शिंच्या, कुणाचं नाव? कसलं नाव? मला म्हणायचं होतं एक आणि त्यांनी घेतलं भलतंच. मी आगीत रॉकेल ओतून वर झाकण लावलं.

मग एका दुपारी भडका उडाला. अंगणात, सोलणाऱ्या बायकांच्या समोर. धाकटे ओरडले, "तुम्हाला माझं चांगलं झालेलं बघवत नाही!" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दादाला तुम्ही म्हटलं. थोरले म्हणाले, "पडवीत आंबापोळ्या वाळवून तुला मोठा केला, तो हे ऐकायला?" "तेच ऐकवा आयुष्यभर!" धाकटे म्हणाले. "एकदा काय ते वाटून टाका आणि मोकळे व्हा." "टाकूया," थोरले म्हणाले. "उद्याच वकिलांना बोलावतो."

बायकांच्या हातातल्या सुऱ्या थांबल्या. कारखान्याची वाटणी! रस काढायचं मशीन एकाला दिलं आणि बॉयलर दुसऱ्याला, तर रस काढायचा कुणी आणि उकळायचा कुणी? पण ते तरी कागदावर जमलं असतं. हे दोघे दुपारी जेवायला बसले नाहीत, ते मला बघवेना. डबा तसाच परत गेला. वहिनी मागच्या दारी पदराने डोळे टिपत होत्या. आमच्या मुलखात भाऊ एकदा वेगळे झाले की मधलं दार लिंपून टाकतात, आणि मग दोन पिढ्या त्या भिंतीकडे कुणी बघतसुद्धा नाही. हे दोघे तसे होणार होते, आणि कशावरून, तर माझ्या काचेच्या खोलीवरून.

दुसऱ्या दिवशी वकील यायच्या आधी मी कुणालाही न सांगता ऑफिसातून मुंबईला ट्रंककॉल लावला. इंजिनीअर मिळाला. लाइनमध्ये अशी खरखर की मला ओरडून बोलावं लागत होतं. मी सगळी हकीगत सांगितली. फायली जातात, येतात, पुन्हा जातात.

"मशीन कुठल्या फ्लॉपीने चालू करता?" त्याने विचारलं.

"देवाजवळच्या!"

"कुठल्या?"

"देवाजवळच्या हो! फूल असलेल्या!"

मग तो शांतपणे म्हणाला, "अहो, त्या दोन वेगळ्या सिस्टिम आहेत. डिस्कच्या मधे भिंत घातलीय. जुन्या फ्लॉपीने चालू केलंत तर फक्त जुन्या बाजूचं दिसणार, नव्या फ्लॉपीने केलंत तर फक्त नव्या बाजूचं. काही कुठे गेलेलं नाही. मी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"हो, हो, ते माहितीच आहे मला," मी ओरडलो. "फक्त खात्री करून घेत होतो!" एक्स्चेंजमधली बाई मधेच म्हणाली, तीन मिनिटं झाली, आणि तिच्या आवाजात हसू होतं. तिने सगळं ऐकलं होतं. संध्याकाळपर्यंत अर्ध्या रत्नागिरीला कळणार होतं.

फोन ठेवला आणि वळलो तर दारात थोरले उभे. त्यांच्या मागे धाकटे. त्यांच्याही मागे, बॅग काखोटीला मारून, वकील. माझं ओरडणं बॉयलरपर्यंत गेलं होतं.

"काय म्हणालान तो?" थोरल्यांनी विचारलं.

आता काय करता! मी देवाजवळच्या दोन्ही फ्लॉप्या घेतल्या, रुमाल पाण्यात भिजवून पिळला आणि चिठ्ठ्यांवरचं कुंकू हलक्या हाताने पुसलं. खालून पेन्सिलीची अक्षरं वर आली. एकीवर जुनी, दुसरीवर नवी. इतकं साधं, मराठीत. मी जुनीने मशीन चालू केलं. बॅचा आल्या, सगळ्या. बंद केलं. नवीने चालू केलं. पत्रं आली, सगळी. तोंडाने सांगत होतो, "हे एक घर आहे असं समजा. मधे भिंत. इकडच्या दाराने आत गेलं की तिकडचं दिसत नाही. पण दोन्हीकडचं सामान जागच्या जागी आहे."

"म्हणजे कुणी काही पुसलंन नाही?" धाकट्यांचा आवाज अगदी खाली गेला.

"नाही. कुणीच नाही."

"मग नाव घेणं बरोबर नाही म्हणालास ते कुणाचं?" थोरल्यांनी विचारलं.

"माझंच," मी म्हटलं. वकील खोकल्यासारखं करून हसले आणि बाहेर जाऊन बाकावर बसले.

दोघे भाऊ पडद्याकडे बघत उभे राहिले, एकमेकांकडे बघायची हिंमत नव्हती कुणाची. बोललेलं तर बोलून झालं होतं, सगळ्या कारखान्यासमोर. मला वाटलं, आता काय उपयोग, वकील आलेच आहेत, कागद करूनच जातील.

थोड्या वेळाने थोरले म्हणाले, "ही मधली भिंत काढता येते काय रे?"

"येते दादा. पण काढली की दोन्हीकडचं सगळं पुसलं जातं. आधी सगळं फ्लॉप्यांवर उतरवून घ्यायला हवं, मग भिंत काढायची, मग परत आत घालायचं."

"मग उतरव."

इथे मला आणखी एक गोष्ट सांगणं भाग पडलं. कोऱ्या फ्लॉप्यांचे खोके मी ओलीपासून जपायला म्हणून घरी नेऊन ठेवले होते. आईला वाटलं फ्लॉप्यांना वास येतोय, म्हणून तिने त्या कोकमांच्या शेजारी अंगणात दिवसभर उन्हात घातल्या. इंजिनीअरची आई ती! बहुतेक सगळ्या फ्लॉप्या कुरडयांसारख्या वाकड्या झाल्या. चांगल्या राहिल्या होत्या त्या भिंतीच्या एकाच बाजूचं मावेल एवढ्याच. "मुंबईहून दुसऱ्या मागवतो," मी म्हटलं. "आठवडाभरात येतील. मग सावकाश काढू भिंत."

"नाही," थोरले म्हणाले. "आज काढायची."

"अहो दादा, पण एकाच बाजूचं वाचेल! दुसऱ्या बाजूचं जाईल कायमचं!"

"कळलं मला. ह्याचं वाचव." त्यांनी धाकट्यांकडे न बघता नुसतं बोट केलं. "माझ्या बॅचांचे कागद शेडच्या माळ्यावर पडलेत, पोतीभर. ते परत चढवता येतील. ह्याची पत्रं कुठून आणणार?"

"दादा, तुझ्या इतक्या दिवसांच्या बॅचा..." धाकटे म्हणाले. ते खोलीतून बाहेर गेले. काचेतून मला दिसलं, ते वकिलांसमोर उभे राहून हात जोडतायत, आणि वकील त्यांच्या पाठीवर थोपटून बॅग उचलतायत.

मी पत्रं उतरवून घेतली. मग भिंत काढायची आज्ञा दिली. सगळं जाईल, नक्की का, असं मशीनने विचारलं. माझा हात काही केल्या बटणावर पडेना. थोरल्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून ते स्वतःच दाबलं. मशीनला त्यांनी लावलेला तो पहिला हात. रोज ज्यांच्याकडे बघून त्यांचा चेहरा फुलायचा त्या सगळ्या बॅचा गेल्या. मला भडभडून आलं. "रडतोस काय मेल्या," थोरले म्हणाले, "माळ्यावर चढ आणि पोती काढ."

खरेदीदाराचा माणूस आला, पत्रं बघितली, रस चाखला आणि बोटं चाटत गेला. पण ती गोष्ट धाकट्यांची, ते ती अजून रंगवून सांगतात. माझ्या वाट्याला पावसाळा आला. हंगाम संपला होता, शेडमध्ये शुकशुकाट, आणि काचेच्या खोलीत आम्ही तिघे. इंजिनीअरचं पाकीट अखेर उघडलं होतं, त्यातला प्रोग्राम चालत होता. धाकटे आंब्याचा चीक लागून चिकटलेले ते कागद एकेक सोडवून मोठ्याने वाचायचे, मी टाइप करायचो, थोरले शेजारी बसून आमच्या चुका काढायचे. माझ्या जास्त निघायच्या. मी वेगाने टाइप करतो असा माझा समज होता, तोही त्या पावसात वाहून गेला.

एकदा असंच वाचता वाचता धाकटे थांबले. कागद हातातच होता. मग मान खाली घालूनच म्हणाले, "दादा, त्या दिवशी अंगणात मी तुला जे बोललो..."

"पुढची बॅच वाच," थोरले म्हणाले.